अदीबचे दोन वकील

निकाह साडेतीनचा ठरला होता. तीन वाजून दहा मिनिटांनी अदीबचे दोन वकील नवरीच्या आईच्या, सायमाच्या दारात एकाच वेळी पोचले, आणि एकमेकांच्या शेरवान्या पाहून दोघांच्याही चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच वाळलं.

वकील म्हणजे काळ्या कोटातले नव्हेत. नवरा मुलगा परमुलखात अडकला असेल, तर त्यानं नेमलेला माणूस काझीसमोर त्याच्या वतीनं 'कबूल' म्हणतो, तो वकील. या घराण्यात असा निकाह पूर्वी एकदा झाला होता. अदीबच्या थोरल्या चुलत्याचे, कमरुद्दीनचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात बोटीवर खलाशी होते, तेव्हा त्यांनी कुठल्याशा बंदरातून तार करून वकील नेमला होता. तारेला शब्दामागे पैसे पडत, म्हणून तिच्यात एकच नाव मावलं. अदीबकडे व्हॉट्सअ‍ॅप होतं.

अदीबची आई बिल्कीस सरबताचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी होती. तिनं आधी थोरल्या दिरांकडे, कमरुद्दीनकडे पाहिलं, मग भावाकडे, नावेदकडे, आणि ट्रे तसाच परत आत नेऊन ठेवला. हे सरबत आता लवकर प्यायलं जाणार नाही, एवढं तिला कळलं.

"या भाईजान," ती बाहेर येऊन म्हणाली. "ये नावेद."

"मी अदीबचा वकील म्हणून आलोय," कमरुद्दीन उंबऱ्यातूनच म्हणाले. पनवेलच्या बाजारात तीस वर्षं रंगाचं दुकान चालवलेला माणूस, आवाज खालचा लावणं त्यांना ठाऊक नव्हतं.

"असं?" नावेद म्हणाला. "मग मी उरणहून काय देगीखाली लाकडं सारायला आलोय? आपा, अदीबनं मला मंगळवारी सांगितलंय. म्हणाला, मामू, तुम्हीच वकील."

"मला बुधवारी सांगितलंय. म्हणाला, बडे अब्बा, तुमच्याशिवाय कोण?"

"म्हणजे मी आधी."

"म्हणजे माझ्या वेळी त्यानं विचार करून सांगितलं."

आत जमलेल्या पंधरावीस माणसांनी माना दाराकडं वळवल्या. सायमाच्या नवऱ्यानं, म्हणजे नवरी सिदराच्या वडिलांनी, मुलीकडचा माणूस म्हणून पुढं होऊन दोघांना एकाच सोफ्यावर बसवलं. पोस्टातून रिटायर झालेला भला माणूस. कोणाला कोणाशेजारी बसवू नये हे पोस्टात शिकवत नाहीत.

बिल्कीसचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. अदीब आखातातल्या एका बंदरावर क्रेन चालवत होता. तिकडे लढाई पेटून दोन महिने झाले होते. रात्री आकाशात काय काय फुटतं त्याचे व्हिडिओ तो स्वतःच पाठवायचा, आणि खाली लिहायचा, 'लांब आहे.' महिनाभर ती त्याला फोनवर ये म्हणत होती. विमानं अगदीच बंद नव्हती. सहा तास रस्त्यानं शेजारच्या देशात गेलं की आठवड्यातून दोन उडत होती. पण अदीब येईना. त्याच्या शिफ्टमधले निम्मे लोक पळून गेले, त्यामुळे अदीब शिफ्टचा इन्चार्ज झाला होता. एरवी त्या खुर्चीला दहा वर्षं लागली असती.

मग बिल्कीसला निकाह सुचला. सिदराशी बोलणी वर्षापूर्वीच पक्की झाली होती. वकिलामार्फत निकाह लावून टाकायचा. इकडे बायको वाट पाहत बसली की पोरगा आपोआप ओढला जाईल. आईच्या हाताला जी दोरी पुरली नाही ती बायकोच्या हाताला पुरेल, असा तिचा हिशेब. हा हिशेब तिनं कोणाला सांगितला नव्हता. सगळ्यांना सांगितलं, लढाईचं काही खरं नाही, शुभ काम अडून राहू नये.

लढाईचं खरंच काही खरं नव्हतं. व्यावसायिक गॅस सिलिंडर मिळेनात, म्हणून केटररनं आदल्या दिवशी हात वर केले होते. तेव्हा दयाराम धावून आला. दयाराम करंज्याचा कोळी, बिल्कीसच्या मरहूम नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त. त्यानं एका मोडीत काढलेल्या होडीच्या फळ्या टेम्पोत घालून आणल्या. मागच्या अंगणात त्या फळ्यांवर बिर्याणीच्या दोन देगी चढल्या होत्या. मुरलेल्या मिठामुळं जाळ मधूनच पिवळा भडकायचा.

"लाकडावरची बिर्याणी म्हणजे बिर्याणी," सोफ्यावरचा ताण घालवायला सिदराचे वडील म्हणाले. "या लढाईचा तेवढा तरी फायदा."

"लढाई तेलासाठी आहे," कमरुद्दीन म्हणाले. नव्वद साली ते कुवेतहून बगदाद, अम्मान करत वाळवंटातून बसनं परत आले होते, मांडीवर मिक्सर घेऊन. तेव्हापासून जगातल्या कुठल्याही लढाईचा पहिला हक्क त्यांचा. "तेव्हाही तेलासाठी होती. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तेल बहाणा आहे," नावेद समोरच्या भिंतीकडं बघत म्हणाला. त्याचे चार ट्रेलर कंटेनर वाहायचे. बोटी येईनात म्हणून चारही उभे होते. दिवसभर मोबाईलवर लढाईच बघणं चालायचं. "खरा मुद्दा सामुद्रधुनीचा. वाट कोणाच्या ताब्यात, हा सगळा खेळ."

"वाळवंटात बसमध्ये तू होतास का मी?"

"बसमधून लढाई दिसते थोडीच? बसमधून बस दिसते."

"पण पहिला हल्ला त्यांनीच केला ना?" सिदराच्या वडिलांनी सलोख्यानं विचारलं.

"त्याच्या आधी यांनी त्यांचा माणूस मारला," नावेद म्हणाला.

"त्याच्याही आधी करार मोडला होता," कमरुद्दीन म्हणाले.

"करार मोडला, पण कोणी मोडला? ज्याला करताना सन्मान दिला नाही, तो मोडणारच."

"सन्मानाचं तू बोलू नकोस, नावेद."

"का बोलू नको?"

"सन्मान काय असतो ते कार्ड छापताना कळायला हवं होतं."

झालं. आखातातून निघालेली गाडी अखेर घराशी येऊन थांबली. दारात उभा राहून ऐकणाऱ्या दयारामनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. कार्डाचं प्रकरण कोळीवाड्यापर्यंत माहीत होतं. सोळा वर्षांपूर्वी, बिल्कीसच्या थोरल्या मुलीच्या लग्नाच्या कार्डावर निमंत्रकांमध्ये मामूचं नाव वर आणि सख्ख्या मोठ्या चुलत्याचं खाली छापलं गेलं होतं. तेव्हापासून ही दोन माणसं एका ताटात जेवली नव्हती. ईदला गळाभेट होई, पण लाकडाची लाकडाशी व्हावी तशी.

"ती चूक प्रेसवाल्याची," नावेद म्हणाला.

"प्रेसवाला काय तुझ्या आपाचा भाऊ होता, तुझं नाव वर घ्यायला?"

"आमच्यात बरा हाय," दयाराम मध्येच म्हणाला. "आमच्यात धवलारीण बाई लगीन लावते. ती गात रहाते, पुरुषांना भांडायला जागाच नाय."

बायकांच्या खोलीत कोणीतरी फिसकन हसलं. कमरुद्दीन हसले नाहीत.

काझीसाहेब इतका वेळ रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना पाच वाजता तळोज्याला दुसरा निकाह होता. त्यांनी घड्याळ पाहिलं. "वकील एकच लागतो, जनाब. नौशेला फोन लावा. दोन साक्षीदारांसमोर त्यांनी एक नाव घ्यावं, दोन मिनिटांचं काम."

"मी लावते," बिल्कीस घाईनं म्हणाली. आधी एकटीनं पोराला फैलावर घ्यायचं तिच्या मनात होतं. ती फोन घेऊन मागच्या जिन्यात गेली.

अदीबनं व्हिडिओ उचलला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, कपाळावर घाम.

"मुबारक, अम्मी! झालं?"

"काय झालं? दोघांना वकील केलंस? अक्कल कुठं ठेवलीस?"

"मामूंचा फोन आला तेव्हा मी क्रेनवर होतो. हो म्हटलं. मग बडे अब्बांचा आला. त्यांनाही हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर फोन ठेवलाच नसता त्यांनी. खाली जहाज लागलेलं." तो हसला. "तुम्हीच ठरवा अम्मी, कोणीही चालेल. फक्त लवकर. निकाहनाम्याचा फोटो मला आजच ऑफिसात द्यायचाय."

"ऑफिसात कशाला?"

"क्वार्टरसाठी! सरप्राइज देणार होतो. फॅमिली क्वार्टर मिळतंय. तीन खोल्या, बाल्कनीतून समुद्र. आधीचा माणूस सगळं सामान टाकून पळाला, फ्रिज, वॉशिंग मशीन, पडदेसुद्धा आहेत. लग्न झालेल्यालाच देतात. आणि व्हिसा तर चार दिवसांत. कोणी यायलाच तयार नाही ना, रांगच नाही."

"कोणाचा व्हिसा?"

"सिदराचा. अजून कोणाचा?"

"अदीब, तिथं लढाई चाललीय."

"लांब आहे, अम्मी. आणि बिल्डिंगच्या खालीच शेल्टर आहे. लिफ्ट थेट शेल्टरपर्यंत जाते. तशी सोय इथं फार कमी बिल्डिंगांत आहे."

मागं कुठंतरी भोंगा वाजायला लागला. अदीबनं मान वळवून पाहिलं, जसं बाजारात कोणी ओळखीचं दिसलं की पाहावं. "बघा, नेहमीचं आहे. मी खाली जाऊन फोन करतो," म्हणाला, आणि स्क्रीन काळी झाली.

खाली देगीचं झाकण उघडल्याचा वास आला. दोरी तिनं स्वतःच्या हातानं वळली होती. आणि दोरीनं ओढली जाणार होती सिदरा, तिकडे, पळालेल्या माणसाच्या पडद्यांच्या घरात. पोरगा तर येणार नव्हताच. उलट आता त्याला तिथं घर मिळत होतं.

निकाह थांबवायला पाहिजे होता. पण कसा? खरं सांगितलं तर सायमा म्हणाली असती, नवऱ्याकडे जाईल नाहीतर काय करेल? सिदराचे वडील गोंधळले असते. काझीसाहेब म्हणाले असते, बी, हे मियां-बीवीनं नंतर ठरवावं. सगळ्यांचं सगळं बरोबरच असतं. बाहेर बिर्याणी तयार होती, आणि तयार झालेल्या बिर्याणीपुढं कोणाचं चालत नाही.

ती आत आली तेव्हा सगळे तिच्याकडं बघत होते.

"काय म्हणतात नौशे?" काझीसाहेबांनी लेखणी उघडली.

"अदीब म्हणतो, अम्मी ठरवेल ते."

नावेद सावरून बसला. कमरुद्दीननी टोपी नीट केली. सोळा वर्षं बिल्कीस या दोघांच्या मध्ये बसत आली होती. इकडची डाळ तिकडं, तिकडची कैरी इकडं. दोघंही तिच्यापाशी येऊन मन मोकळं करायचे, आणि तिनं ते कधी एकमेकांना कळू दिलं नव्हतं. मोहल्ल्यात तिला समजूतदार म्हणत ते यामुळंच. तिच्यापाशी दोन कबुल्या होत्या, दोन्ही खऱ्या. एक जरी बाहेर पडली असती तरी भडका उडाला असता, म्हणून तिनं त्या जपून ठेवल्या होत्या.

"भाईजान थोरले," ती म्हणाली. "वकील त्यांनीच व्हावं."

कमरुद्दीनचा चेहरा फुलला. नावेदनं मान खाली घातली. बहिणीनं निवाडा दिला, तो गिळला असता त्यानं. इथंच थांबलं असतं तर पावणेचारला निकाह लागला असता.

"नावेद, तू वाईट वाटून घेऊ नकोस," ती तितक्याच गोड आवाजात पुढं म्हणाली. "कार्डाच्या वेळी चूक तुझीच होती. तूच नाही का मला म्हणालास, प्रेसवाल्याला मीच सांगितलं माझं नाव वर घे म्हणून?"

"आपा!" नावेद उभा राहिला. "ते मी तुला... ते मी तुझ्यापाशी बोललो होतो!"

"म्हणजे मुद्दाम!" कमरुद्दीनही उठले. "सोळा वर्षं प्रेसवाला, प्रेसवाला करत होतास! त्या गरिबाशी मी बोलणं सोडलं!"

"धावपळ कोणी केली होती त्या लग्नात? हॉल कोणी, गाड्या कोणी? तुम्ही आलात इस्त्रीचे कपडे घालून, दोन वाजता!"

"भाईजान, तुम्ही तरी शांत व्हा," बिल्कीस म्हणाली. "तुम्हालाही ठाऊक होतंच की. छापायच्या आधी नावेदनं कच्चं कार्ड तुम्हाला दुकानात आणून दाखवलं होतं. चश्मा घरी राहिला होता, म्हणून न वाचताच तुम्ही 'ठीक आहे' म्हणालात. तुम्हीच सांगितलंत ना मला, हज करून आल्यावर?"

आता नावेदचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "वाचलं नव्हतं?" तो जवळजवळ कुजबुजला. "मी तर समजत होतो यांनी वाचलं, कबूल केलं आणि मग मला भर मांडवात तोंडघशी पाडलं! न वाचता? सोळा वर्षं मला चोर ठरवलंत, आणि वाचलंच नव्हतं?"

"चोर तू होतासच! मी वाचलं नाही म्हणून तू साव होतोस का?"

"काझीसाहेब, हे वकील असतील तर मी या निकाहला साक्षीदारही नाही!"

"वकील! आता मी उभा राहिलो तर हा गावभर सांगेल, बुधवारवाल्यानं मंगळवारवाल्याचा हक्क मारला. नको मला. अदीबनं समक्ष यावं आणि चार माणसांत सांगावं, कोणाला खरं हो म्हटलं होतं."

"यावंच! माझ्या तोंडावर सांगू दे!"

एवढ्या एकाच गोष्टीवर त्या दोघांचं सोळा वर्षांत प्रथम एकमत झालं. काझीसाहेबांनी क्षणभर वाट पाहिली, मग लेखणीला टोपण लावलं. "नौशे स्वतः येणार असतील तर फारच उत्तम. मग वकिलाची गरजच नाही." सुटका झाल्यासारखे ते उठले. तळोज्याचा निकाह सरळसोट होता, असं त्यांनी ऐकलं होतं.

बिल्कीस बायकांच्या खोलीत गेली. सायमा भिंतीला टेकून रडत होती, "लोक काय म्हणतील, देगी चढल्यात, लोक काय म्हणतील." सिदरा पलंगावर होती, लग्नाच्या हिरव्या पोशाखात, मेंदीचे हात मांडीवर उताणे. खारघरच्या लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करणारी मुलगी. बोलायची कमी, बघायची जास्त.

"खाला," ती म्हणाली, "हे तुम्ही मुद्दाम केलंत."

बिल्कीसनं दार लोटून घेतलं. "तुला क्वार्टरचं माहीत होतं?"

"हो. बाल्कनीचा फोटो पाठवला होता त्यानं."

"आणि तू जाणार होतीस?"

"कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"मी विचारते आता."

सिदरानं तिच्याकडं नीट पाहिलं, नळीतल्या रक्ताकडं पाहावं तसं. "आता नाही सांगत. आता तो समोर आला की त्यालाच सांगेन. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही जपून ठेवाल, आणि एक दिवस सगळ्यांत काढाल."

मुलीच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून बिल्कीसनं हात उचलला, मग तो नुसताच आपल्या ओढणीकडं नेला.

फोन वाजला. अदीब. हेल्मेट नव्हतं, केस विस्कटलेले.

"अम्मी, काय करून ठेवलंत तिथं? बडे अब्बांचे चार फोन. मामूंचे सहा. मी शेल्टरमध्ये, आणि हे दोघं आलटून पालटून. बडे अब्बा म्हणतात नाही आलास तर माझ्या जनाज्यालाही येऊ नकोस. मामू म्हणतात नाही आलास तर मला भाचाच नाही. शेल्टरमधले लोक मला विचारायला लागले, तुमच्याकडेही सुरू झालं का?"

"मग?"

"मग काय? साहेबाला सांगितलं घरी तंटा झालाय. त्याला तंटा लगेच कळला, तोही तसाच आहे. गुरुवारच्या विमानात जागा मिळतेय. आठ दिवस येतो, दोघांना समोरासमोर बसवतो."

बिल्कीसनं डोळे मिटले. महिनाभराची तिची रड, रात्रीचे भोंगे, बातम्या, यातल्या कशानंही जो हलला नाही, तो एका जुन्या कार्डावरच्या दोन ओळींसाठी लढाईतून उठून निघाला होता. आल्यावर पुन्हा कसं जाऊ द्यायचं नाही, ते नंतर बघता येईल. आज रविवार. फक्त गुरुवार.

अंगणात जेवणं सुरू झाली होती, कारण निकाह मोडला तरी बिर्याणी मोडत नाही. दयाराम ताट घेऊन तिच्यापाशी आला. त्याचे डोळे पाणावले होते. धुरानं असतील किंवा नसतील.

"ताई, काय काळजी करू नको. दोगं पन आत्ता माज्याजवल रडलं. भाईजान बोलला, मीच वाचायला पायजे होता. नावेद बोलला, मीच येडा. मनात काय नाय दोगांच्या. मी आत्ता हातात हात देतो. दोन मिंटांचा काम. मंग आदीबला कशाला एवढ्या लढाईतून बोलावता? त्याला फोन कर, सांग मिटला."

"दयारामभाऊ," बिल्कीस घाबरून म्हणाली, "तुम्ही मध्ये पडू नका."

"आँ?"

"गुरुवारपर्यंत. तोपर्यंत दोघांना एकत्र भेटू देऊ नका, तुम्हाला माझी शपथ आहे. अदीब घरात आला, की शुक्रवारी मिटवा. मीच हात जोडून सांगेन दोघांना."

दयारामनं हातातलं ताट खाली ठेवलं. त्यानं समुद्र पाहिला होता, माणसंही पाहिली होती. हळूहळू त्याला सगळं कळलं.

"बरा," तो म्हणाला. "पन ताई, शुक्रवारपरयंत पेटत ठेवलास, आन् शुक्रवारी इझला नाय, तर?"

एवढ्या पुढचा विचार बिल्कीसनं केलेला नव्हता.

अंगणाच्या एका टोकाला कमरुद्दीन जेवायला बसले होते, दुसऱ्या टोकाला नावेद. मधल्या सतरंजीवर कोणीच नव्हतं. नवे येणारे पाहुणे फाटकातून आत शिरत, दोन्हीकडं बघत, क्षणभर घुटमळत, आणि बाजू ठरवूनच ताट उचलत होते.